खोडलेला काना

माझ्या मांडीवरच्या फाइलवर ‘पीडिता’ असं छापलेलं आहे आणि त्यातला शेवटचा काना निळ्या बॉलपेनने खोडलेला आहे. चार वर्षांपूर्वी मीच खोडलाय तो. कार्यालयातून फाइली येतात त्या एकाच छापाच्या. कधी मुलगाही येईल, हे छापणाऱ्याच्या ध्यानात आलेलं नसतं. पुढे त्या खुणेवरून मला ही फाइल गठ्ठ्यात चटकन सापडायला लागली. आज ती शेवटची बाहेर काढली आहे.

डिसेंबरातली सकाळ. विदर्भातलं एक जिल्ह्याचं गाव. कुठलं ते लिहिणार नाही, ओळख लागेल अशा गोष्टीही बदलून टाकल्या आहेत. पोक्सोच्या, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या, खटल्यात मुलाची ओळख उघड करणं हाच मुळी गुन्हा आहे. कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली टायपिंगवाले मशीनवरचं प्लास्टिक काढतायत, नोटरीच्या टेबलापाशी माणसं उन्हाला पाठ देऊन उभी आहेत. आबाजी, म्हणजे मुलाचे आजोबा, पारावर उकिडवे बसलेत. मुलगा त्यांच्यापासून हातभर लांब, मोबाइलमध्ये डोकं घालून. ते घडलं तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. २०२१, कोरोनाचं वर्ष, शाळा बंद. आता आयटीआयला जातो, ओठावर मिसरूड आलंय. येत्या एप्रिलात अठरा पूर्ण होतील.

“आत येतोस?”

“नाही. तुम्ही जा. सांगजा मंग.”

मी त्याची सपोर्ट पर्सन. या कामाला कोर्टात मराठी शब्द कुणी वापरत नाही. २०२० च्या नियमांनी ते नीट घालून दिलंय: बालकल्याण समितीने नेमायचं, आणि खटला संपेस्तोवर मुलासोबत राहायचं. साक्ष पढवायची नाही, वकिली करायची नाही. नुसतं असायचं. नुसतं असणं किती अवघड असतं, हे त्याची उलटतपासणी चालली होती त्या दोन दिवसांत मला कळलं.

बोर्डावर आज दोन निकाल आहेत. आमचा दुसरा. पहिल्या खटल्याशी माझा संबंध नाही, पण बाकावर बसलं की सगळं कानावर पडतंच. सुनावणी बंद दाराआड होते. निकाल मात्र उघड्या कोर्टात वाचायचा असतो.

साडेअकराला शिपाई दारातून पुकारा करतो. त्याच्या लांबलेल्या सुरात ‘आरोपी’ हा शब्द आला की मला नेहमी वाटतं, किती बिनचूक शब्द आहे हा. बाई की पुरुष, त्यावरून काही कळत नाही. क्रियापद आलं की मग कळतं.

पहिल्या खटल्यात आरोपी दोन. क्रमांक एक, पुरुष, दोन हवालदारांच्या मध्ये. क्रमांक दोन, बाई, महिला शिपायासोबत, चार पावलं मागे. दोघेही तुरुंगातून आलेत. मुलगी अकरा वर्षांची होती. बाई तिची सख्खी आई. पुरुष तिचा कुणी नाही. नवरा गेल्यावर बाईच्या घरी राहायला आलेला. कापूस वेचायला जाणारी, निंदणाला जाणारी बाई. साडीचा रंग उडालेला, पायात रबरी चप्पल. आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहताना ती पुरुषापासून जमेल तितकी लांब सरकते. तो पिंजरा असून असून केवढा असणार.

दुसऱ्या खटल्यातली आरोपी भिंतीशी बाकावर बसली आहे. ही घरून आली आहे. छत्तिशीच्या आतबाहेरची, मोतिया रंगाची साडी, शेजारी नवरा, मांडीवर डब्याची पिशवी. ट्यूशनवाल्या मॅडम. मी तिला चार वर्षांत कितीतरी वेळा पाहिलं आहे, आणि दर वेळी तो डबा. पिशवीतून आज मेथीच्या पराठ्यांचा वास येतोय. जेवून घरी जायचंय, या हिशेबाने बाई आलेली आहे.

जामीन तिला दोन महिन्यांत मिळाला होता. अजामीनपात्र गुन्ह्यातही आरोपी स्त्री असेल तर कोर्ट जामिनाचा विचार करू शकतं, अशी खास सवलत जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती ठेवली आहे. ती चांगलीच आहे. पण पिंजऱ्यातली आईसुद्धा स्त्रीच होती, आणि ती सव्वाचार वर्षं आत आहे. तिचा जामीनदार व्हायला कुणी आलं नाही. सातबारा कोण आणणार होतं तिच्यासाठी?

जज मॅडम येतात. आम्ही उभे राहतो, बसतो. पंखा बंद असूनही कागद फडफडतायत असं वाटतं. ते लघुलेखकाचं पानं लावणं असतं. निकाल थोडक्यात वाचला जातो. पहिला खटला: दोन्ही आरोपी दोषी. दुसरा: आरोपी दोषी. शिक्षेच्या मुद्द्यावर सुनावणी जेवणाच्या सुट्टीनंतर.

‘दोषी’ हा शब्दही लिंग सांगत नाही. मोतिया साडीतली बाई नवऱ्याकडे बघते. महिला शिपाई येऊन तिच्या बाजूला उभी राहते, अदबीने म्हणते, “मॅडम, आता इथंच बसा.” पिंजऱ्यातल्या बाईला मघाशी ती “चल वो” म्हणाली होती.

व्हरांड्यात कोर्ट पैरवीचे हवालदार भेटतात. भला माणूस. मुलाची साक्ष होती त्या दिवशी स्वतःच्या पैशाने त्याला रसवंतीवर नेऊन आणलं होतं. आज मला हळूच म्हणतात, “ताई, एक गोष्ट सांगू? रागावू नका. आमच्या ठाण्यात तर पोरं म्हणत होती, पोट्ट्याचं नशीब पाहा लेकाच्या.” आणि हसतात. मी हसत नाही हे बघून खाली बघतात. “म्हणजे मी नाही म्हणत.”

म्हणत कोण नाही? मुलाचा वर्गमित्र म्हणतो, दवाखान्यात फॉर्म भरणारा म्हणतो. २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास खात्याने तेरा राज्यांत १२,४४७ मुलांशी बोलून एक अभ्यास छापला. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारच्या लैंगिक छळाबद्दल सांगितलं होतं, आणि त्या सांगणाऱ्यांत मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. बलात्काराच्या तोडीच्या पोक्सो गुन्ह्यांची सरकारी नोंद मात्र बघावी तर शंभरातल्या नव्याण्णव मुली. मधले मुलगे कुठे जातात? हवालदारांच्या त्या हसण्यात जातात, असं मला वाटतं. तिथून पुढे कोर्टापर्यंत येतच नाहीत.

आमचा कसा आला? आबाजींमुळे. त्यांना यातलं नशीब वगैरे काही कळलं नाही. नातू रात्री अंथरूण ओलं करायला लागला, तेराव्या वर्षी. त्यांनी त्याला वैदूकडे नेलं, मग डॉक्टरकडे, मग तो बोलला. “मले का समजते बाप्पा कलम,” आबाजी म्हणतात, “पोरगं झोपेत वरडे. म्हणून गेलो ठाण्यात.”

ठाण्यात जे झालं तेच आजच्या दिवसाचं खरं मूळ आहे, आणि ते अर्ध्या तासात झालं. मी तेव्हा बाहेर बाकावर होते. ठाणे अंमलदाराने मुलाचा जबाब घेतला, मग कलमांचं पुस्तक चाळलं. लैंगिक अत्याचाराची व्याख्या पोक्सोत दोन पायऱ्यांची आहे. वरची पायरी कलम तीन. गुन्हेगार शिक्षक असेल, विश्वासातला असेल, पुन्हापुन्हा केलं असेल तर ती कलम पाच होते आणि तिची शिक्षा कलम सहाची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी वीस वर्षं. खालची पायरी कलम सात. गंभीर स्वरूपात कलम नऊ, शिक्षा कलम दहाची: पाच ते सात वर्षं. अंमलदाराने कलम तीन वाचलं. इंग्रजीत होतं, त्यात ‘ही’ होतं, पुरुषवाचक. ते बोट ठेवून म्हणाले, “हे बाईले कसं लागन?” आणि कलम दहा लिहिलं.

अडाणी म्हणून त्यांना हसण्यासारखं यात काही नाही. २००६ साली मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं होतं की स्त्रीवर सामूहिक बलात्काराचा खटला चालू शकत नाही. अर्थात ते भारतीय दंड संहितेबद्दल होतं. तिथे बलात्कार करणारा ‘पुरुष’ असं सरळ लिहिलेलं होतं, आणि नव्या न्याय संहितेतही तसंच आहे. पोक्सो तसा नाही. त्यात ‘व्यक्ती’ म्हटलंय, आणि बालक म्हणजे मुलगाही, मुलगीही. त्या व्याख्येत ‘बालकाला स्वतःसोबत तसं करायला लावणं’ हेही आहे. पण हे शब्द २०१२ पासून पुस्तकात असताना दिल्ली उच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२४ मध्ये सविस्तर लिहावं लागलं की हा ‘ही’ स्त्रीलाही धरून आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये तसंच सांगितलं. आमच्या सरकारी वकील मॅडमनी दिल्लीचा निकाल आल्यावर दोषारोपात कलम सहा घालण्यासाठी अर्ज दिला. समोरच्यांनी हरकत घेतली: साक्षी होऊन गेल्या, दुसऱ्या राज्यातल्या उच्च न्यायालयाचा निकाल इथे बंधनकारक नाही. अर्ज नामंजूर. कर्नाटकचा निकाल आला तेव्हा युक्तिवाद संपले होते.

एका सर्वनामाची किंमत पंधरा वर्षं. मराठीत कायदा लिहिला असता तर, असं कधीकधी मनात येतं. पण आपलं व्याकरण तरी कुठे निर्मळ आहे? माझ्या फाइलीवरचा काना मराठीच होता.

सुट्टीत मी बाहेर येते. आबाजींनी भाकर सोडली आहे, ठेचा आहे, मला अर्धी देतात. मुलगा वडापाव खातोय. दोषी ठरली, हे मी सांगितलंय. तो “हं” म्हणालाय. उलटतपासणीबद्दल तो आजवर माझ्याशी एकच वाक्य बोललेला आहे: “त्यायनं मले दोनदा विचारलं.”

दोनदा विचारलं ते असं. बचावाचे वकील, ज्येष्ठ, जिल्ह्यात नाव असलेले, सौम्य आवाजाचे. “तू ओरडला होता का?” “नाही.” “पळून गेला होता का?” “नाही.” “अंगावर काही जखम?” “नाही.” “दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला?” “हो.” “का गेला?” मुलगा गप्प. पुन्हा, त्याच सौम्य आवाजात, “का गेला?” तेव्हा तो म्हणाला, “फी भरून होती.” लघुलेखकाने ते इंग्रजीत टाइप केलं. आबाजींनी तीन महिन्यांची फी एकदम भरली होती, कापसाच्या पैशातून. मुलाला वाटलं, नाही गेलं तर ती बुडेल.

मी त्या वेळी भिंतीकडे बघत बसले होते आणि मला देसाईगंज आठवत होतं. इथून फार लांब नाही. १९७२, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, पोलीस ठाण्यातच एका आदिवासी मुलीवर झालेला अत्याचार. मथुरा खटला. सत्र न्यायालयाने सोडलेल्या दोघा पोलिसांना नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. कारणांत हेच होतं: ओरडली नाही, अंगावर जखमा नाहीत. त्यावर उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार आदी चौघा कायदेपंडितांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले, १९८३ मध्ये कायदा बदलला. मुलींना हा प्रश्न विचारायची आता वकिलांना थोडी तरी लाज वाटते, असा माझा अनुभव आहे. मुलाला विचारताना कुणालाच वाटली नाही. अठराच्या खालच्याची संमती पोक्सोत मोजतच नाहीत, हे कोर्टात सगळ्यांना ठाऊक होतं.

इथे माझंही एक सांगायला हवं. फेब्रुवारी २०१३ मध्ये, दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर, सरकारने अध्यादेश काढला आणि बलात्काराचं कलम लिंगनिरपेक्ष करून टाकलं: करणारा कुणीही, सोसणारा कुणीही. स्त्री संघटनांनी निवेदन काढून विरोध केला. करणाऱ्याच्या जागी ‘कुणीही’ आलं की तक्रार करणाऱ्या बाईवरच उलटी तक्रार होणार, ही भीती होती. नंतर संसदेने कायदा केला तेव्हा करणारा पुन्हा पुरुषच ठेवला, आणि सोसणारी फक्त स्त्री. त्या निवेदनावर माझीही सही होती. ती भीती खोटी नव्हती, आजही नाही. उलट्या तक्रारी मी पाहिल्या आहेत. पण समोर वडापाव खाणारा हा मुलगा एप्रिलात अठराचा होईल, आणि त्यानंतर त्याच्यावर कुणी बळजबरी केली तर त्याच्यासाठी न्याय संहितेत बलात्काराचं कलमच नाही. पुरुषाने पुरुषावर केलेल्या अत्याचाराला निदान जुन्या दंड संहितेचं कलम ३७७ होतं, तेही १ जुलै २०२४ पासून गेलं. सही करताना मी सोसणाऱ्याच्या बाजूचं वाक्य वाचलं होतं का? आठवत नाही. बहुधा करणाऱ्याच्याच वाक्यावर डोळा होता.

अडीचला पुन्हा आत.

“आरोपी क्रमांक एक, शिक्षेबद्दल काही सांगायचंय?” तो म्हणतो, गावाकडे म्हातारी आहे, पहिल्या बायकोची दोन मुलं आहेत, आपणच कमावता. त्याचा वकील तेच पुन्हा म्हणतो. माझी नजर लघुलेखकाच्या बोटांवर आहे. ती हलत नाहीत. हलून उपयोगही नाही. कलम सहाला वीसच्या खाली जागा नाही. पूर्वी ‘पुरेशी व विशेष कारणं’ लिहून बलात्काराची शिक्षा किमानाच्या खाली नेता येत असे, आणि त्या वाटेने काय काय कारणं आत यायची ते जुने निकाल वाचून बघावं. २०१३ मध्ये ती वाट बंद झाली. हा माणूस उभा आहे त्या जागी मला त्याच्याबद्दल काहीही वाटत नाही. वाटायला हवं असंही वाटत नाही.

“आरोपी क्रमांक दोन?”

बाई वर बघते. “काही नाही सायेब.”

तिला मोफत विधी सहाय्यातून मिळालेला वकील पोरसवदा आहे. तो उभा राहून सांगतो की ती निरक्षर आहे, क्रमांक एक तिलाही मारत होता, साक्षीत दोन शेजारणींनी ते सांगितलंय. सरकारी वकील मॅडम उठतात. या बाई आमच्या खटल्यात फार नेटाने लढल्या, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. त्या म्हणतात, “आरोपी क्रमांक दोन ही मुलीची जन्मदात्री आई आहे. जिने पाठीशी घालायचं तीच बाहेर ओट्यावर बसून होती. आई या शब्दाला काळिमा फासणारं हे कृत्य आहे. तिला दया दाखवू नये.”

बोटं आता भराभर चालतायत.

मुलीने साक्षीत सांगितलं होतं: आई ओट्यावर बसून होती. एवढंच. त्या ओट्यावर ती पहारा देत होती, की मार खाऊन बसली होती, की तिला आणखी कुठे जायला जागा नव्हती, यावर निकालाची बरीच पानं आहेत म्हणे; कोर्टाने ठरवलं की तिला ठाऊक होतं आणि तिने हातभार लावला. गुन्ह्याला साहाय्य, कलम सतरा. त्याची शिक्षा मूळ गुन्ह्याइतकीच.

“दोन्ही आरोपींना प्रत्येकी वीस वर्षं सश्रम कारावास.” दंड. न भरल्यास आणखी. आत काढलेले दिवस वजा. मुलीला मनोधैर्य योजनेतून भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे शिफारस.

बाई मान हलवते. दुकानदाराने भाव सांगितल्यावर हलवावी तशी.

मग आमचा. ज्येष्ठ वकील चष्मा पुसत उभे राहतात. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झालेली आहेत. मघाच्या त्या वाक्याला अजून अर्धा तासही झालेला नाही. ते म्हणतात, “आरोपी एक आई आहे.” दोन मुली, धाकटी नऊ वर्षांची. सासू अंथरुणाला खिळलेली. उच्चशिक्षित, प्रतिष्ठित घर, पूर्वीचा एकही गुन्हा नाही. चार वर्षांत एकही तारीख चुकवलेली नाही. समाजाने दिलेली शिक्षा ती भोगतेच आहे. आणि मग, आवाज आणखी खाली आणून: मुलाला कुठली शारीरिक इजा झालेली नाही, तो आज तांत्रिक शिक्षण घेतोय, त्याचं आयुष्य मार्गी लागलेलं आहे.

आबाजी माझ्या कानाशी वाकतात. “का म्हणून राह्यले?”

“म्हणतात, पोराचं चांगलं चाललंय.”

आबाजी माझ्याकडे बघतात, मग त्या वकिलांकडे. “व्हय,” म्हणतात. “रातची ट्यूबलाइट बंद करू देत नाही अजून.” हे कुठेही टाइप होत नाही.

सरकारी वकील मॅडम सात वर्षं मागतात. कारणंही नीट देतात, विश्वासाचं नातं, मुलाचं वय. ‘आई’ हा शब्द त्या वापरत नाहीत. त्यांना सुचला नसेल, किंवा तो समोरच्यांनी आधीच उचललेला होता म्हणून.

जज मॅडम थोडा वेळ लिहितात. मग सांगतात, लघुलेखकाच्या बाजूला किंचित वळून: आरोपी स्त्री आहे, तिच्यावर दोन अल्पवयीन मुलींची जबाबदारी आहे, पूर्वीचा गुन्हा नाही, हे विचारात घेता पाच वर्षं सश्रम कारावास, पंचवीस हजार दंड, वसूल झाल्यास मुलाला भरपाई म्हणून.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघते. दया दाखवल्याचा भाव नाही, कंटाळा नाही. कायद्याने त्यांच्या हातात पाच आणि सात यांच्यामधली दोन वर्षं ठेवली होती. तेवढ्यात मावणारी दया त्यांनी केली. उरलेली पंधरा वर्षं त्यांच्या टेबलापर्यंत आलीच नव्हती, ती ठाण्यातच राहिली होती, त्या पुस्तकावर टेकवलेल्या बोटाखाली. मी रागवायचं ठरवून बसले होते. पण कुणावर रागवायचं तेच ठरत नाही. अमेरिकेत १९९७ मध्ये एका शिक्षिकेला, विद्यार्थी बारा-तेरा वर्षांचा असताना, साडेसात वर्षांतली बहुतेक शिक्षा स्थगित ठेवून सहा महिने दिले गेले आणि छापणाऱ्यांनी त्याला प्रेमकथा म्हटलं. तेव्हा आम्ही इथे बसून म्हणालो होतो, तिकडचे लोक. इकडच्या आमच्या कोर्टात निदान प्रेम कुणी म्हटलं नाही. आणि सहा महिन्यांच्या मानाने पाच वर्षं म्हणजे. असो.

मोतिया साडीतली बाई रडायला लागते, हमसून, तोंडाला पदर लावून. महिला शिपाई तिच्या पाठीवर हात ठेवते. माझ्या पोटात काहीतरी हलतं, आणि त्याचीच मला चीड येते. पिंजऱ्यातली रडली नव्हती म्हणून तिच्यासाठी हललं नव्हतं का?

शिक्षा तीन वर्षांपर्यंत असती तर याच कोर्टाने ती स्थगित ठेवून तिला घरी पाठवलं असतं. पाच आहे, त्यामुळे अपील उच्च न्यायालयात, आणि तोवर आत. नवऱ्याला हे वकील कोपऱ्यात समजावून सांगतायत. तो डब्याची पिशवी तिच्या हातात द्यायला जातो. हवालदार अडवतात. “आत चालत नाही, साहेब. बाहेरचं अन्न.” पिशवी परत त्याच्या हातात.

खाली वॉरंट तयार व्हायला तासभर लागतो. कारकून छापील फॉर्मवर नाव भरतो, मधला एक शब्द खोडतो, वर दुसरा लिहितो, पुढचा फॉर्म घेतो, पुन्हा तोच शब्द खोडतो. पेन अडतं. “ताई, पेन द्या हो जरा.” मी माझं निळं देते.

ऊन कलंडलं आहे. कडुनिंबाखाली मुलगा उभा आहे. मी सांगते.

“पाच?”

“पाच.”

“आबाजी तं वीस म्हणत होते.”

मी त्याला कलमं सांगते. दोन पायऱ्या, ठाण्यातलं पुस्तक, दिल्ली, अर्ज. सरकारी वकील मॅडम अपीलाचा प्रस्ताव पाठवणार आहेत, हेही. तो ऐकतो, चपलेने माती उकरत. मध्येच व्हॅनकडे बघतो. पोलीस व्हॅनच्या मागच्या पायरीपाशी दोन बायका उभ्या आहेत, एक मोतिया, एक उडालेल्या रंगाची.

“ते दुसरी कोण?”

“दुसऱ्या केसमधली. तिला वीस.”

“तिनं का केलं?”

मी तोंड उघडते. ओटा डोळ्यासमोर येतो. “तिच्या पोरीसोबत झालं. ती बाहेर बसून होती.”

“अन् काही नाही केलं?”

“नाही.”

तो पुन्हा माती उकरतो. आबाजी पिशवी झाडून खांद्याला अडकवतात, पावणेपाचची एसटी आहे, ती गेली की थेट साडेसातची. व्हॅनपाशी एस्कॉर्टचा हवालदार वहीवर मान घालून मोजतोय. “जेन्ट्स सात. लेडीज दोन.” दोघी चढतात. आत एकच बाक आहे.